मुकी झालेली कळ

गेलेल्या माणसाविषयी बोलायला आपल्याकडे शब्दांची वाण नाही. वारले, निवर्तले, देवाज्ञा झाली, स्वर्गवासी झाले. आणि बायकाबायकांत नुसतं, 'ते गेले हो.' जगभरच्या हौशी रेडिओवाल्यांनी, ज्यांना 'हॅम' म्हणतात त्यांनी, यासाठी आपला स्वतःचा शब्द ठरवला आहे: 'सायलेंट की'. की म्हणजे तारायंत्राची कळ. तिच्यावरचं बोट थांबलं की कळ मुकी होते. अमका 'सायलेंट की' झाला, एवढंच ते म्हणतात. मराठीत सांगताना हा शब्द आणखी खोल जातो, कारण आपल्याकडे यंत्राची ती कळ आणि पोटातून उठते तीही कळच.

शब्द आला तारमास्तरांच्या जगातून. आपल्या देशातली तार जुलै २०१३ मध्ये बंद झाली, त्यामुळे आताच्या मुलींना तार म्हणजे कपडे वाळत घालायची. पण माझ्या वयाच्या बायकांना आठवत असेल, 'तार आलीय' म्हटलं की ती वाचायच्या आधीच घरात रडं सुरू व्हायचं. तारघरात खिडकीमागे कट्ट-कडकट्ट चालू असे. दुसऱ्या गावचा तारमास्तर तो आवाज ऐकून अक्षरं लिहून घेई, आणि अक्षरांबरोबर माणूसही ओळखी. प्रत्येकाचा हात वेगळा. कुणी घाईचा, कुणी ठोका लांबवणारा, कुणी शेवटच्या अक्षरावर रेंगाळणारा. जिन्यावरच्या पावलांवरून आपण ओळखतो ना, की हे आले का सासूबाई आल्या, तसंच. बोलणं संपलं की इंग्रजी 'एस' आणि 'के' ही दोन अक्षरं जोडून एक खूण पाठवायची रीत होती. म्हणजे माझं सांगून झालं. 'सायलेंट की'ची आद्याक्षरंही तीच.

तुम्ही म्हणाल, हे हौशी लोक करतात तरी काय? सरकारची परीक्षा देऊन परवाना घ्यायचा, घराच्या एका कोपऱ्यात बोलायचं-ऐकायचं यंत्र मांडायचं, गच्चीवर तार ताणायची, आणि जगात कुठेही बसलेल्या अशाच दुसऱ्या परवानेधारकाशी बोलायचं. पैशाचा व्यवहार नाही, गाणी लावणं नाही. परवान्याबरोबर एक सांकेतिक नाव मिळतं, कॉलसाइन. आपल्या देशातलं 'व्हीयू'ने सुरू होतं, आणि एका वेळी साऱ्या जगात ते एकाच माणसाचं असतं. वर्षानुवर्षं रोज बोलणारे दोघं कधीच समोरासमोर भेटलेले नसतात. चेहरा नाही, जात नाही, घर किती खोल्यांचं ते माहीत नाही. माहीत असतो तो आवाज, नाहीतर हात.

आणि म्हणूनच त्यांना मेलेल्या माणसासाठी वेगळी रीत लागली असावी. आपल्याकडे कोणी गेलं तर आळीत कळतं, दारात माणसं दिसतात. यांचं काय? ठरलेल्या वेळी ठरलेल्या लहरीवर मंडळी जमतात, एकजण हजेरी घेतो. एके दिवशी एक नाव पुकारलं जातं आणि उत्तरादाखल नुसती खरखर येते. पुन्हा पुकारतात. कदाचित वीज गेली असेल, कदाचित लेकीकडे गेला असेल. चार-आठ दिवसांनी त्याच्या गावचा दुसरा कोणी सांगतो.

अमेरिकेत या लोकांची मोठी संघटना १९१४ मध्ये निघाली, आणि पुढच्याच वर्षी त्यांचं मासिक. त्या मासिकात अशा मुक्या कळांची यादी छापतात. कॉलसाइन आणि नाव, बास. स्तुती नाही, फोटो नाही. या संघटनेच्या स्थापकांपैकी हायरम पर्सी मॅक्झिम हा मोठा विलक्षण माणूस. त्याच्या बापाने मॅक्झिम तोफ, म्हणजे मशीनगन काढली, आणि लेकाने बंदुकीचा आवाज दाबणारं नळकांडं. बाप-लेकांचा तो उद्योग मला अजिबात पसंत नाही, पण लेकाने हौशी लोकांना एकत्र बांधलं हे खरं. १९३६ मध्ये तो गेला तेव्हा त्याचं कॉलसाइन संघटनेने आपल्या मुख्य केंद्राला घेतलं, आणि ते आजही तिथून पुकारलं जातं. नातवाला आजोबांचं नाव ठेवावं तसा प्रकार.

आपल्याकडचा पहिला परवानेधारक म्हणून अमरेंद्रचंद्र गुप्तू यांचं नाव घेतात. साल १९२१, कॉलसाइन '२जेके'. आता देशात परवाना एकाकडेच, तर त्याने देशातल्या देशात बोलायचं कुणाशी? त्याच वर्षी मुकुल बोस दुसरे झाले आणि मग संभाषण सुरू झालं. मला तर वाटतं, इतिहासात पहिल्याइतकाच मान या दुसऱ्या माणसाला हवा. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत संख्या फार वाढली नाही, आणि त्यातलेही पुष्कळजण इंग्रज लष्करी अधिकारी होते. १९३९ मध्ये युद्ध पेटलं, तेव्हा सरकारने सगळ्यांना लेखी हुकूम धाडले, की यंत्रं पोलिसांत जमा करा.

सगळ्यांनी केली नाहीत. आणि इथे आठवणींच्या यादीत एक अवघड नाव येतं.

मुंबईचे नरिमन प्रिंटर हे हॅम होते, 'व्हीयू२एफयू'. १९४२ च्या ऑगस्टमध्ये 'चले जाव'ची हाक उठली, पुढारी तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांची तोंडं बांधली गेली. तेव्हा बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी गुप्त रेडिओ चालवायचं ठरवलं. इच्छा यांची होती, पण यंत्र कोण बांधणार? ते प्रिंटर आणि 'बॉब' तन्ना या हौशी मंडळींनी बांधलं आणि चालवलं. ४२.३४ मीटर ही त्याची लहर. आजही आपले हॅम रोज ज्या चाळीस मीटरच्या पट्ट्यात बोलतात तिथलीच. पोलिसांच्या गाड्या लहरींचा माग काढत फिरत, म्हणून यंत्र एका घरातून दुसऱ्या घरात हलवत. जेमतेम अडीच-तीन महिने हे केंद्र चाललं. आपल्या विदर्भातल्या आष्टी-चिमूरला जे घडलं, चिमूरच्या बायांवर जे अत्याचार झाले, ते छापायची सोय नव्हती तेव्हा या रेडिओने सांगितलं. हे एकच कारणसुद्धा मला त्या यंत्रापुढे हात जोडायला पुरेसं आहे.

१२ नोव्हेंबर १९४२ ला धाड पडली. प्रिंटर आधीच पकडले गेले होते, आणि केंद्राचा माग पोलिसांना त्यांच्याकडूनच लागला. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली, येरवड्यात काढली. त्या पुढे प्राध्यापिका झाल्या, १९९८ मध्ये पद्मविभूषण मिळालं, २००० मध्ये गेल्या. त्यांची आठवण काढणं सोपं आहे. प्रिंटरांचं काय करायचं? ज्याने बांधलं त्यानेच दाखवून दिलं. देशाच्या इतिहासात त्याला एक ओळ मिळते आणि ती बरी नसते. पण हौशी रेडिओच्या इतिहासात त्याचं नाव आहे, कॉलसाइनसकट. मला हे योग्य वाटतं. पोलीस कोठडीत माणसाचं काय होतं हे बाहेर बसून ठरवू नये, आणि यादीतून नाव खोडलं तर ते यंत्र काय आपोआप उभं राहिलं होतं? आपल्या घराघरांत अशी एकेक व्यक्ती असते, जिचा विषय निघाला की सगळे दुसरीकडे बघतात. तिचंही श्राद्ध-स्मरण कोणीतरी गुपचूप करतच असतं.

स्वातंत्र्यानंतरचा पहिला मान मात्र आमच्याकडचा, आणि इंदूरकरांना तो माहीत नसतो याचं मला नवल वाटतं. इंदूरपासून वीस-बावीस किलोमीटरवरचं महू. बाबासाहेबांचं जन्मगाव म्हणून सगळे जातात. त्याच महूच्या छावणीत लष्कराचं सिग्नल्सचं विद्यालय होतं, आणि तिथे १५ मे १९४८ ला देशातला पहिला हौशी रेडिओ क्लब स्थापन झाला. तेव्हा देशभरात पन्नासेक परवानेधारक, त्यात प्रत्यक्ष बोलणारे डझनभर. सहा वर्षांनी तो क्लब दिल्लीला गेला आणि नाव बदलून अखिल देशाची संस्था झाला. म्हणजे डझनभर माणसं एकमेकांना ओळखत होती आणि त्यांतला एक गेला तर बाराव्या हिश्शाचं जग गप्प व्हायचं. १९७० पर्यंतसुद्धा ही मंडळी हजाराच्या आतच होती. परदेशी यंत्रं परवडत नसत. युद्धातलं जुनं लष्करी सामान कबाडातून आणायचं, काचेच्या वाल्व्हचं यंत्र स्वतः जुळवायचं. अंगठ्याला डाग पडलेले, घरात कल्हईवाल्यासारखा वास. बायको वैतागलेली.

या बायकोलाही हॅम लोकांच्या भाषेत एक नाव आहे. परवानाधारक बाई कितीही वयाची असो, ती 'वायएल', यंग लेडी, नव्वदीची आजीसुद्धा. पुरुष पंधरा वर्षांचा असला तरी 'ओल्ड मॅन'. आणि पुरुषाची बायको म्हणजे 'एक्सवायएल', माजी तरुणी! मी हे आमच्या महिला मंडळात सांगितलं तेव्हा पाच मिनिटं हसू थांबेना, आणि मग एकजण म्हणाली, "आणि त्यांना माजी तरुण का नाही म्हणत गं?"

रामबागेत आमच्या ओळखीच्या एक काकू आहेत. काका तीस-पस्तीस वर्षं हॅम होते. ते गेल्यावर तेराव्यालाच प्रश्न निघाला, की त्या खोलीचं काय करायचं. यंत्राचा प्रश्न तर कायद्याचा. १९३३ च्या बिनतारी कायद्याने परवान्याशिवाय असं यंत्र नुसतं घरात ठेवणंही गुन्हा ठरवलं होतं. नवरा गेला, परवाना त्याच्याबरोबर गेला, आणि मागे राहिलेल्या बाईच्या कोपऱ्यात ती वस्तू. हा घोर किती बायकांनी एकटीने सोसला असेल. काकूंच्या मदतीला काकांचे गावातले मित्र आले. गच्चीवरची तार उतरवली, यंत्राची यादी करून ते रीतसर दुसऱ्या परवानेधारकाकडे पोचवलं, पैसे काकूंच्या हातात दिले. जगभर ही रीत आहे. मित्र येऊन आवरून देतात. आपल्याकडे खांदा देतात ना, तसंच मी ते मानते.

राहिल्या त्या कार्डांच्या पेट्या. दोन हॅम पहिल्यांदा बोलले की त्याची पावती म्हणून एकमेकांना पोस्टकार्डाएवढं कार्ड पाठवतात, त्याला 'क्यूएसएल' म्हणतात. त्यावर मोठ्या अक्षरांत कॉलसाइन, खाली तारीख, लहर, आवाज किती स्वच्छ आला त्याचे आकडे, आणि वेळ ग्रिनिचची. त्यासाठी काकांच्या भिंतीवर साडेपाच तास मागे असलेलं एक वेगळं घड्याळ होतं, काकू सुनेला सांगायच्या, "त्याच्याकडे बघून दूध तापवू नकोस." बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत देशवार कार्डं लावलेली. पुण्याचा मुलगा म्हणाला, आई, देऊन टाक, रद्दीवाला किलोवर घेईल. काकूंनी मला बोलावलं.

"तू लिहितेस-वाचतेस, तूच सांग. ह्याचं काही मोल आहे का?"

आम्ही दोघी दोन दुपारी जमिनीवर बसून कार्डं चाळली. मला वाटलं होतं काकूंना यातलं काही कळत नसेल. एक कार्ड हातात घेऊन म्हणाल्या, "हा नागपूरचा. बोलताना मधेच खोकायचा. यांनी त्याला आडुळशाचा काढा सांगितला होता, तो मी सांगितलेला." दुसरं: "ह्याची मुलगी अधू होती. ह्याचा आवाज आला की मी आधी कान द्यायचे." रोज रात्री स्वयंपाकघर आवरताना पडद्यापलीकडून त्या ऐकत होत्या. कितीतरी कार्डांच्या मागे लिहिलेलं होतं, 'आपल्या एक्सवायएलला नमस्कार'. पस्तीस वर्षांचे नमस्कार, आणि काकूंचं नाव एकाही कार्डावर नाही. काकांच्या नोंदवहीतही नाही; नियमाप्रमाणे तिथे तारीख, वेळ, कॉलसाइन एवढंच.

इतिहास लिहिणारे त्या नोंदवह्या शोधतात. मिळाल्या तर कुठल्या दिवशी कोण कुणाशी बोललं ते कळेल. खोकला कळणार नाही.

एक कार्ड नेपाळचं निघालं, '९एन१एमएम'. हे म्हणजे फादर मार्शल मोरन, अमेरिकन जेझुइट. काठमांडूजवळ गोदावरीला १९५१ मध्ये त्यांनी शाळा काढली, आणि पुष्कळ वर्षं साऱ्या नेपाळातून हौशी रेडिओवर ऐकू येणारा जवळजवळ एकच आवाज त्यांचा. नेपाळ 'मिळावा' म्हणून जगभरचे लोक रात्र-रात्र त्यांना पुकारत. शेवटच्या दोन अक्षरांचा उच्चार ते 'मिकी माउस' असा करत, त्यामुळे त्या नावानेच ओळखले जात. १९९२ मध्ये ते गेले. लोक एका माणसाला रडले आणि त्याबरोबर एक देशही काही काळ गप्प झाल्यासारखं त्यांना वाटलं असेल. काकूंना त्यांच्याविषयी इतकंच आठवत होतं, की "त्या दिवशी हे नाचले होते, आणि जेवण गार झालं."

अशी कार्डं रद्दीत जातात याचं दुःख युरोपातल्या एका माणसाला फार झालं. व्हिएन्नाचे वोल्फ हॅरान्थ. ते मुलांसाठी पुस्तकं लिहीत, अनुवाद करत, ऑस्ट्रियाच्या रेडिओत काम करत, आणि स्वतः हॅम. त्यांनी मेलेल्या हॅम लोकांची कार्डं गोळा करायला सुरुवात केली. घरच्यांना सांगायचं, टाकू नका, आमच्याकडे पाठवा. त्यातून व्हिएन्नात एक संग्रहालयच उभं राहिलं, लाखो कार्डांचं. २०२१ मध्ये हॅरान्थही गेले, आणि संग्रह राहिला. मुलांची पुस्तकं लिहिणाऱ्या माणसालाच हे सुचावं यात मला काही आश्चर्य वाटत नाही. पोरांच्या वस्तू फेकू नयेत हे त्याला ठाऊक असणार.

आपल्या देशात हे काम कोणी केलं तर हवं आहे. हैदराबादला १९८३ पासून हौशी रेडिओची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे शिक्षण देतात, आणि संकटात माणसं पाठवतात. किल्लारीचा १९९३ चा भूकंप, २००१ चा भूजचा, दोन्ही वेळी टेलिफोन मेले आणि हॅम मंडळी बोलत राहिली. पण बायकांनी लक्षात ठेवावी ती गोष्ट २००४ ची. भारती प्रसाद, 'व्हीयू२आरबीआय', या बाई डिसेंबरमध्ये अंदमानला गेल्या होत्या. सतरा वर्षांत तिथून कोणी हौशी रेडिओवर बोललं नव्हतं, म्हणून सगळं जग त्यांना पुकारत होतं, आनंदाचं काम. २६ तारखेच्या सकाळी जमीन हलली. पोर्ट ब्लेअरच्या हॉटेलातून त्या बाहेर पळाल्या, यंत्र बाहेर आणून मांडलं, आणि मग पुढचे कितीतरी दिवस त्या आणि त्यांचे सोबती निरोप देत-घेत राहिले: कोण सापडलं, कोण सुखरूप, कुणाचा पत्ता नाही. कौतुकाची कार्डं मोजायला गेलेल्या बाईच्या पदरी हे काम आलं, आणि तिने ते केलं.

कल्पना चावलाही हॅम होती हे तिच्या चरित्रांतून सहसा येत नाही. 'केडी५ईएसआय'. १ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया यान कोसळलं, त्यातल्या सातजणांपैकी तिघांकडे हा परवाना होता. तिघांत दोघी बायका, कल्पना आणि लॉरेल क्लार्क. शाळांतून तिच्यावर निबंध लिहवून घेतात. जगभरच्या हॅम मंडळींच्या दृष्टीने त्या दिवशी त्यांच्यातल्या तीन कळा मुक्या झाल्या.

पत्राच्या शेवटी आपण 'सप्रेम नमस्कार' लिहितो, तसे हे लोक आकडे टाकतात. ७३ म्हणजे शुभेच्छा. ८८ म्हणजे प्रेम. आणि ३३ फक्त बाईने बाईला म्हणायचं, मैत्रिणीचा जिव्हाळा म्हणून. अमेरिकेत १९३९ मध्ये बायकांनी आपली वेगळी हॅम संघटना काढली, तिच्यातून ते आलं. काकूंच्या डब्यात एका जपानी बाईचं कार्ड होतं. काकांना ७३, आणि खाली वेगळ्या शाईने काकूंसाठी ८८. ३३ नव्हतं, कारण काकू परवानाधारक नव्हत्या. त्या म्हणाल्या, "परीक्षा द्यायची होती गं मला. कट्ट-कडकट्ट तर ऐकून ऐकून पाठच होतं. पण तेव्हा धाकटा पोटात होता."

डबे अजून रामबागेत आहेत. मुलाने आग्रह सोडला. आता दर गुरुवारी दुपारी मी जाते, काकू सांगतात आणि मी प्रत्येक कार्डाच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिते. पेन्सिल काकूंनीच सुचवली, शाई पुढच्या बाजूला उतरते म्हणून. जपानचा डबा संपला, नागपूर-जबलपूरकडची कार्डं चालू आहेत. परवा एका कार्डापाशी त्या बराच वेळ थांबल्या. मग म्हणाल्या, "ह्याचा आवाज आठवतो, पण काय बोलायचा ते नाही आठवत. तेवढंच लिही."